दुकानाची पाटी इंटरनेटवर : नोंद कोणाच्या नावे आहे ते आधी पाहा



आपल्या भागात असे गाव शोधून सापडणार नाही, की ज्या गावचा माणूस मुंबईला नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा परळ-लालबागच्या चाळींतून घाटावरच्या गावांच्या खोल्या असत. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे एकेक करीत गिरण्या बंद पडल्या. कामगारांच्या पुढच्या पिढीने मग मिळेल तो धंदा धरला. कोणी दादरला पोळी-भाजी केंद्र काढले, कोणी लालबागला मसाल्याचे दुकान थाटले, कोणी गिरगावात छपाईचे काम घेऊ लागला. इकडे आपलेही काही सभासद सेंद्रिय गूळ, काकवी, हळद थेट मुंबईच्या गिऱ्हाइकाला पाठवू लागले आहेत. ह्या सर्वांना आज कोणी ना कोणी सांगतोच, "अहो, वेबसाइट काढा." पण वेबसाइट काढायची म्हणजे नक्की काय करायचे, खर्च कशाचा आणि फसगत कोठे होते, हे कोणी नीट सांगत नाही. म्हणून ही माहिती देत आहोत.

पाटी वेगळी, गाळा वेगळा

वेबसाइटला दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे नाव. त्याला डोमेन म्हणतात. दुसरी म्हणजे जागा. तिला होस्टिंग म्हणतात. डोमेन ही दुकानावरची पाटी समजा आणि होस्टिंग हा आतला गाळा. दोन्ही एकाच कंपनीकडून घेता येतात, पण वस्तू दोन आहेत, हे पक्के ध्यानात ठेवावे.

इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांची ओळख आकड्यांनी होते. एवढे आकडे माणसाच्या लक्षात राहणे शक्य नाही. म्हणून १९८३ साली नावावरून आकडा शोधून देणारी पद्धत अमेरिकेत तयार झाली. गिऱ्हाइकाने मोबाइलवर तुमच्या दुकानाचे नाव टाकले, की आधी त्या नावाचा आकडा कोणता ह्याची चौकशी होते आणि मग तो आकडा असलेल्या यंत्रावरून तुमचे पान उघडते. हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते.

ह्याचा धंद्याला मोठा फायदा आहे. मेट्रो-३ च्या कामासाठी गिरगाव-काळबादेवीतील काही इमारती पाडाव्या लागल्या आणि तेथल्या रहिवाशांना, दुकानदारांना जागा सोडावी लागली. २०२५ च्या ऑक्टोबरात ती गाडी कफ परेडपर्यंत सुरू झाली. परळ-नायगावच्या जुन्या चाळींच्या जागी टॉवर होत आहेत. अशा वेळी दुकान दोन-चार वर्षे दुसरीकडे न्यावे लागते आणि जुने गिऱ्हाईक तुटते. डोमेनचे तसे नाही. आतला गाळा बदलला, होस्टिंगची कंपनी बदलली, तरी पाटी तीच राहते. फक्त नावापुढचा आकडा बदलायचा. फेसबुक-इन्स्टाग्रामवरचे पान दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेले दुकान आहे. मालकाने उद्या नियम बदलला तर उठावे लागते.

कोणते नाव घ्यावे?

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. त्या निगमाचे मुख्य कार्यालय मुंबईतच, फोर्टात होते. तेव्हा 'डॉट कॉम' नावांचाच बोलबाला होता. भारताचे 'डॉट इन' नाव सर्वांना सहज मिळू लागले ते २००५ पासून. त्याची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया, म्हणजे 'निक्सी' ही संस्था पाहते. २०१४ च्या ऑगस्टपासून देवनागरीत 'डॉट भारत' असेही नाव मिळते आणि त्यात मराठी धरलेली आहे. सहकारी संस्थांसाठी 'डॉट को-ऑप' हा शेवट राखून ठेवलेला आहे, हेही आपल्यासारख्यांना ठाऊक असावे.

लहान दुकानदाराने 'डॉट इन' किंवा 'डॉट कॉम' घ्यावे. जमल्यास दोन्ही घ्यावीत. साधारणपणे वर्षाला पाचशे ते दीड हजार रुपयांच्या दरम्यान एक नाव पडते. नाव आखूड असावे आणि फोनवर सांगितले तरी स्पेलिंग चुकू नये असे असावे.

नाव विकत मिळत नाही

येथेच पुष्कळांचा गैरसमज होतो. डोमेन विकत मिळत नाही, ते खंडाने मिळते. एका वेळी कमीत कमी एक वर्षाची आणि जास्तीत जास्त दहा वर्षांची नोंद होते. मुदत संपली की नूतनीकरण करावे लागते. ऊस लागणीची नोंद आपण जशी वेळेवर आणि स्वतःच्या नावावर करतो, तशीच ही नोंद करायची. नोंद दुसऱ्याच्या नावे पडली, तर ऊस आपल्या रानात असूनही चिठ्ठी त्याच्या हातात जाते.

समजा, लालबागच्या एका मसालेवाल्याने ओळखीच्या मुलाला आठ-दहा हजार रुपये दिले आणि सांगितले, "बाबा, तूच काय ते करून टाक." मुलाने काम चांगले केले, पण डोमेनची नोंद स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ई-मेलवर आणि स्वतःच्या मोबाइलवर केली. त्याच्या मनात काही वाईट नव्हते, त्याला तसे सोपे पडले. तीन वर्षांनी मुलगा नोकरीला परगावी गेला आणि त्याचा नंबर बदलला. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर जात राहिल्या. एके दिवशी वेबसाइट बंद पडली. दुकानदाराकडे पैसे दिल्याची पावती आहे, पण कंपनीच्या दप्तरी मालक म्हणून मुलाचे नाव आहे. पाकिटावर, पिशवीवर, रिक्षाच्या पाठीमागे छापलेले नाव असे हातचे जाते.

मुदत संपल्यावर काय होते तेही समजून घ्या. 'डॉट कॉम'च्या बाबतीत नोंदणी करणारी कंपनी बहुधा काही दिवस थांबते. हा काळ कंपनीगणिक वेगळा असतो. त्यानंतर ३० दिवसांची सोडवणुकीची मुदत असते. त्यात नाव परत मिळते, पण दंडासह बरेच जास्त पैसे मोजून. त्यानंतर ५ दिवसांनी ते नाव बाजारात मोकळे होते आणि पहिला येईल तो घेऊन जातो. चांगली नावे उचलायला माणसे टपूनच बसलेली असतात.

होस्टिंग : चाळ, ब्लॉक की बंगला?

होस्टिंग म्हणजे चोवीस तास चालू असणाऱ्या यंत्रावरची भाड्याची जागा. सर्वांत स्वस्त प्रकार म्हणजे 'शेअर्ड होस्टिंग'. ही चाळ समजा. नळ एक आणि बिऱ्हाडे अनेक. शेजाऱ्याकडे पाहुणे जास्त आले की आपल्या नळाचे पाणी कमी होते. दुसरा प्रकार 'व्हीपीएस', म्हणजे ब्लॉक. इमारत एकच, पण पाण्याची टाकी आपली. तिसरा म्हणजे अख्खे यंत्र, हा बंगला झाला. दुकानाची माहिती, भावपत्रक, फोन नंबर आणि थोड्याशा ऑर्डरी एवढ्यासाठी चाळ पुरते. उगाच बंगला घेऊ नये.

पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. एक, दुसऱ्या वर्षीचा दर काय? पहिल्या वर्षी नाममात्र आणि पुढे दुप्पट-तिप्पट, असा प्रकार सर्रास चालतो. दोन, यंत्र कोठे आहे? गिऱ्हाईक मुंबईचे असेल तर मुंबईतले यंत्र बरे. वर्सोव्यासारख्या ठिकाणी समुद्राखालच्या केबली किनाऱ्याला येतात, त्यामुळे मुंबईत अशी केंद्रे पुष्कळ आहेत. तीन, 'एसएसएल' प्रमाणपत्र धरून दर आहे का? हे नसेल तर मोबाइल गिऱ्हाइकाला "ही जागा सुरक्षित नाही" असे सांगतो. मोफतही ते मिळते, त्यासाठी वेगळे पैसे उकळू देऊ नयेत. चार, बॅकअप कोण घेतो? त्याची एक प्रत आपल्या घरी ठेवावी.

एका अक्षराचा दावा

नाव इतके मोलाचे आहे का, असे कोणी विचारील. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात गाजलेला दावा पाहा. रेडिफ ही मुंबईची कंपनी. तिच्या नावात एकच इंग्रजी अक्षर बदलून, 'ई'च्या जागी 'ए' घालून, दुसऱ्याने डोमेन घेतले होते. डोमेन हा नुसता पत्ता नाही, ट्रेडमार्काइतकेच संरक्षण त्याला मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले आणि त्या नावाच्या वापराला मनाई केली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानेही दुसऱ्या एका दाव्यात हेच तत्त्व मान्य केले. 'डॉट इन' नावाच्या तंट्यासाठी लवादाची वेगळी सोय आहे. पण हजार रुपयांच्या नोंदीसाठी वकिलाची पायरी चढण्याची वेळ येऊ न देणे हेच शहाणपण. धंदा जम धरत असेल तर ट्रेडमार्कही नोंदवावा. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे आणि नोंद दहा वर्षे टिकते.

नुसते गिऱ्हाईक असाल तरी

ज्यांना धंदा नाही त्यांनाही हे उपयोगी आहे. अमूलची एजन्सी देतो म्हणून अमूलच्या नावाची खोटी डोमेन काढून लोकांकडून पैसे घेतले जात होते. त्याविरुद्ध अमूलच्या सहकारी महासंघाला २०२० साली दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. बँकांच्या नावाने असेच होते, म्हणून रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' ह्या शेवटाच्या नावावर येण्यास सांगितले. बँकेचे पान उघडताना नावाचा शेवट पाहण्याची सवय लावा. ऊसबिल त्याच खात्यात जमा होते.

शेवटी एवढेच करा

मुंबईच्या आपल्या माणसाला हा अंक पाठवा आणि पुढील गोष्टी करण्यास सांगा :

१) डोमेनची नोंद मालकाच्या नावे, मालकाच्या ई-मेलवर आणि मोबाइलवर आहे का, ते आजच पाहावे. नसेल तर काम करणाऱ्या मुलाशी गोडीने बोलून बदलून घ्यावी. संबंध चांगले असतानाच हे काम होते.

२) एकदम तीन किंवा पाच वर्षांचे पैसे भरावेत आणि मुदतीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहावी.

३) खात्याचा पासवर्ड घरातील आणखी एका भरवशाच्या माणसाला ठाऊक असावा. ओटीपी मात्र कोणालाही सांगू नये.

४) "तुमचे नाव आज संपते, ताबडतोब पैसे भरा" असा ई-मेल आला तर त्यातल्या दुव्यावर न जाता स्वतःच्या खात्यात जाऊन तारीख तपासावी.

जमिनीचा सातबारा आपण वर्षातून एकदा तरी काढून पाहतो. ह्या नोंदीचा उताराही पाहत जावा. कळावे.