मागील पानावरून पुढे

सातबारा म्हणजे दोन नमुन्यांचा जोड. गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाची, नमुना बारा सांगतो तिच्यात काय पिकलं. पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगावच्या मध्ये असलेल्या खुटबावसारख्या गावात पीककर्ज असो की भावकीतली वाटणी, हा कागद आधी पुढे करावा लागतो. दोन-तीन पिढ्यांच्या वारसनोंदी चढत गेल्या की एकेका गटावर पंधरा-वीस नावं सहज होतात आणि उतारा एका पानात मावत नाही. म्हणून डिजिटल फॉर्मची खरी परीक्षा दुसऱ्या पानावर होते. ते पान नीट उतरायचं असेल, तर फॉर्म रचणाऱ्यानं रकाने आखायच्या आधी पानाचा साचा ठरवला पाहिजे.

तलाठ्याच्या दप्तरात हे काम छापखान्यानं करून ठेवलेलं असे. नोंदवहीच्या पानोपानी तेच मथळे, तेच रकाने. मजकूर उरला तर 'पुढे चालू' लिहून पान उलटायचं. संगणकात वही नाही, म्हणून तिचं पान आधी घडवून द्यावं लागतं. त्या साच्यात दोन तऱ्हेच्या जागा असतात. एक स्थिर: गाव, तालुका, जिल्हा, गट क्रमांक, पान क्रमांक. दुसरी वाहती: भोगवटादारांची नावं, क्षेत्र, आकार, फेरफार क्रमांक, इतर अधिकार. वाहती जागा भरली की संगणक त्याच साच्यातून पुढचं पान काढतो. पहिल्या पानाचा साचा वेगळा ठेवता येतो, कारण शीर्षक आणि बोधचिन्ह तिथं एकदाच लागतात. पुढच्या पानांना आटोपशीर मथळा पुरतो. रकान्यांची नावं मात्र प्रत्येक पानावर पुन्हा यावीत, आणि एका खातेदाराची ओळ दोन पानांत तुटू नये, असं बजावून ठेवावं लागतं.

हे न केल्यानं काय होतं, ते एका ओळीत दिसतं. टाचणी निघून सुट्या झालेल्या दुसऱ्या पानावर सुरुवातीलाच एक नाव आणि पुढे ०.४०.०० एवढंच असेल, तर ते चाळीस आर कोणत्या गटातले, कोणत्या गावचे? तो आकडा लागवडीखालच्या क्षेत्राचा की पोटखराबाचा? मजकूर अक्षर न अक्षर खरा असूनही कागद निकामी ठरतो. मांडणीला शासनानंही महत्त्व दिलेलं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सातबाऱ्याचं रूप बदललं, तेव्हा गावाचा कोड आला, खाते क्रमांक नावाशेजारी आला, दोन खातेदारांच्या मध्ये रेघ आली आणि प्रलंबित फेरफार वेगळा दिसू लागला. जमिनीचा हक्क यातल्या कशानंच बदलला नाही, पण तो वाचणं सोपं झालं. मला ही सुधारणा फार मोलाची वाटते.

आता सगळं मोबाइलवर, पान राहिलंय कुठे, असा आक्षेप येईल. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाची नोंद फोनवरून करू लागला, हे खरं. पण पडदा बदलला तरी आपण कोणत्या गटाची माहिती भरतोय हे डोक्यावर दिसत राहायलाच हवं. साच्याचा नियम तिथंही तोच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एकच साचा सगळ्यांना लावला की वेगळ्या प्रकरणाची ओढाताण होते. त्यावर उपाय म्हणजे साचे वाढवणं. नव्या रूपात बिनशेती जमिनीचं क्षेत्र आर-चौरस मीटरमध्ये येतं आणि नमुना बारा गळतो, म्हणजे तिथं दुसरी मांडणी करावी लागलीच. मथळे पुन्हा छापल्यानं जागा जाते, पण पानामागे दोन-तीन ओळीच. आणि १ मे २०१८ पासून मिळू लागलेल्या डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्याला तर ही जागा द्यावीच लागेल. स्वाक्षरी संगणकातल्या फाइलला बांधलेली असते. छापलेल्या कागदावर ती तपासता येत नाही, तिथं पडताळणी क्रमांकाचाच आधार. तो क्रमांक साच्याच्या स्थिर जागेत बसवला, तर सुटं झालेलं तिसरं पानसुद्धा बँकेच्या टेबलावर तपासता येतं.