मीटर रुपया, सेंटीमीटर पैसा

जेवणाच्या टेबलावर काच बसवायची होती. टेपने लांबी मोजली: १ मीटर ५ सेंटीमीटर. चिठ्ठीवर मोठ्या ऐटीत लिहिले, '१.५ मीटर'. संध्याकाळी काच आली ती टेबलाबाहेर तब्बल ४५ सेंटीमीटर डोकावत! काचवाल्याचा काय दोष? गंमत अशी, की आठवड्यापूर्वी लेकीच्या वहीत नेमकी हीच चूक सापडली म्हणून मी तिला फटकारले होते. आता ती शांतपणे म्हणाली, ''बाबा, तुमचं लक्ष कुठे होतं?''

खरे तर प्रश्न लक्षाचा नव्हताच. गाळलेल्या शून्याचा होता. मीटरचे सेंटीमीटर १००. म्हणजे ५ सेंटीमीटर हा मीटरचा पाच शतांश, ०.०५. एकूण लांबी १.०५ मीटर.

आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. त्याआधी १२ इंचांचा फूट, ३ फुटांचा यार्ड. प्रत्येक पायरीला पाढा वेगळा. सुताराचे 'सूत', म्हणजे इंचाचा आठवा भाग, आजही कानावर पडते. दशमान पद्धतीत मात्र पाढा एकच, दहाचा. किलोमीटर, हेक्टोमीटर, डेकामीटर, मीटर, डेसिमीटर, सेंटीमीटर, मिलिमीटर अशी ही शिडी. एक पायरी उतरलात, की दशांशचिन्ह एक घर उजवीकडे. चढलात, की डावीकडे. १.०५ मीटर दोन पायऱ्या उतरले, की १०५ सेंटीमीटर. तिसरी उतरले, की १०५० मिलिमीटर. पण या सोपेपणातच फसगत आहे. चिन्ह एक घर चुकले, तर माप दहापटीने बदलते.

मग लेकीला विचारले, ''एक रुपया पाच पैसे कसे लिहिशील?'' क्षणात उत्तर आले, ''१.०५.'' मीटर म्हणजे रुपया, सेंटीमीटर म्हणजे पैसा, एवढे सांगताच तिची वही भराभर सुधारली. उत्तर आले, की ते नजरेने पडताळायचे, हेही ठरले. घराचे दार साधारण २ मीटर उंच असते. उत्तर २० आले, तर चिन्ह घसरले म्हणून समजावे.

काच कापून घेतली. उरलेला तुकडा आता लेकीच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे. गणित चुकले म्हणून रागवायला गेलो, की माझी नजर आधी त्याच्यावर पडते.