ज्ञान-व्यवस्थापन आणि निर्यात : गैरसमज आणि वस्तुस्थिती

उद्योगसंस्थेला लागणारे ज्ञान मिळवणे, ते योग्य माणसांपर्यंत पोहोचवणे आणि प्रत्यक्ष कामात उतरवणे, या शिस्तबद्ध प्रयत्नाला ज्ञान-व्यवस्थापन म्हणतात. विकसनशील देशांतील कारखान्यांच्या निर्यातीच्या संदर्भात त्याविषयी तीन गैरसमज प्रचलित आहेत.

गैरसमज : आधुनिक यंत्रे आणली की निर्यात आपोआप वाढते.

वस्तुस्थिती : यंत्रांबरोबर ज्ञानही लागते. बांगलादेशातील देश गारमेंट्सने १९७८ मध्ये दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला, तेव्हा तिने आपली १३० माणसे प्रशिक्षणासाठी कोरियात पाठवली आणि ती शिवणकामाबरोबरच दर्जा-तपासणी, मालखरेदी व विक्रीचे तंत्रही शिकून परतली. पुढील दशकभरात त्यांपैकी ११५ जण कंपनी सोडून गेले. परंतु त्यांनी काढलेल्या किंवा सांभाळलेल्या नव्या कारखान्यांमुळे ते ज्ञान देशभरच्या तयार कपड्यांच्या उद्योगात पसरले. कोरियन कपड्यांवर आयातदार देशांनी घातलेल्या कोट्याच्या मर्यादेचाही या घडामोडीत वाटा होता.

गैरसमज : ज्ञान-व्यवस्थापन म्हणजे संगणकात माहिती साठवणे.

वस्तुस्थिती : तत्त्वचिंतक मायकेल पोलानी यांनी ज्याकडे लक्ष वेधले ते अव्यक्त ज्ञान, म्हणजे हातात असलेले पण शब्दांत पुरते न सांगता येणारे कसब, नोंदींत मावत नाही, शिवाय सहज सांगता येणारे ज्ञानही हितसंबंध आड आले की अडून राहते. पाकिस्तानातील सियालकोटच्या फुटबॉल-कारखान्यांना २०१२ मध्ये संशोधकांनी एक नवा साचा दिला. त्याने पंचकोनी तुकडे अधिक दाटीने कापले जाऊन कृत्रिम चामड्याची नासाडी घटत होती. मात्र नगावर मजुरी मिळणाऱ्या कारागिरांचा वेग सुरुवातीला मंदावत असल्याने त्यांनी मालकांपुढे साच्याची उपयुक्तता झाकून ठेवली. साचा उपयोगी असल्याचे मालकासमोर दाखवणाऱ्यास सुमारे महिन्याच्या मजुरीइतकी रक्कम देऊ केल्यावर तो वापरणारे कारखाने वाढले.

गैरसमज : कारखाना आधी कार्यक्षम होतो, मग निर्यात करतो, निर्यातीतून तो काही शिकत नाही.

वस्तुस्थिती : इजिप्तमधील फुवा येथे छोट्या गालिचा-उत्पादकांपैकी काहींना यादृच्छिक निवडीने निर्यातीची संधी देण्यात आली, तेव्हा त्यांचा नफा १६ ते २६ टक्क्यांनी वाढला, आणि परदेशी ग्राहकांच्या सूचना मध्यस्थामार्फत मिळत गेल्याने कोपऱ्यांची रेखीवता, विणीचा घट्टपणा व नक्षीची अचूकता सुधारली.

त्यामुळे निर्यात-प्रोत्साहनाची योजना आखताना यंत्रांच्या अनुदानाबरोबरच, नवे शिकण्याचा आणि शिकवण्याचा लाभ प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या पदरात पडतो की नाही, हेही तपासणे आवश्यक ठरते.