जुनी मसल कार वेग घेताना अडखळते? आधी इंधनाचा दाब मोजा

१९६७ची शेव्हरोले कॅमेरो संथ वेगात नीट चालते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की मात्र धक्के खाते. अशा वेळी दोष बहुधा कार्ब्युरेटरला दिला जातो. खरे कारण इंधनाचा कमी दाबही असू शकते.

तिच्या व्ही-८ इंजिनाचा यांत्रिक पंप साधारण ५ ते ७ पीएसआय दाब देतो. कार्ब्युरेटरजवळ गेज जोडून, इंजिन चालू ठेवून तो मोजतात. दाब कमी भरला तरी लगेच पंप बदलू नये. आधी फिल्टर, मग टाकीकडून येणारी रबरी नळी तपासावी. नळीला चीर असेल, तर पेट्रोल गळताना दिसेलच असे नाही. पंप मात्र हवा ओढतो.

पंपाचा डायफ्राम फाटल्यास पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरूच करू नये. पातळ झालेल्या ऑइलमुळे बेअरिंग झिजतात आणि पंपाच्या दुरुस्तीवर भागणारे काम इंजिनावर येते.