कल्हई कीं मोड?

घरांतील माळा आवरण्याचा दिवस हा पुष्कळदां खरेदीचाही पहिला दिवस ठरतो. दसऱ्यापूर्वीं घर झाडावयास घेतलें कीं माळ्यावरून पितळेचीं पातेलीं, एखादें तपेलें, काळवंडलेली परात व कान तुटलेलें घंगाळ खालीं येतात. "यांचें आतां काय करावयाचें?" असा प्रश्न निघतो, आणि उत्तर बहुधा आधींच ठरलेलें असतें: मोडीस घालावयाचीं व वर भर टाकून नवा संच आणावयाचा.

भर टाकून, हे दोन शब्द येथें महत्त्वाचे आहेत. मोडींत मिळतो तो केवळ धातूचा भाव. घडणावळीची किंमत शून्य धरली जाते, शिवाय घट म्हणून कांहीं वजन कापलें जातें तें निराळेंच. नवें भांडें घेतांना मात्र धातूबरोबर घडणावळ, वाहतूक व दुकानदाराचा नफा हीं सारीं मोजावीं लागतात. अदलाबदलीचें नांव असलें तरी ही खरेदीच होय; आणि ती हप्त्यानें झाली असेल तर तो हप्ता मुलांच्या फीच्याच पैशांतून जातो, हें गृहिणीला महिनाअखेरीस कळतें.

बरें, तें पितळेचें पातेलें निकामी झालें म्हणजे नेमकें काय झालें? बहुतेक वेळां त्याची कल्हई गेलेली असते, इतकेंच. पितळ हा तांबें व जस्त यांचा मिश्रधातु. ताक, चिंच, आमसूल यांसारखा आंबट पदार्थ त्यास लागला कीं तांब्याचा अंश अन्नांत उतरतो. पदार्थ हिरवट पडतो, त्यास उग्र चव येते, आणि तो पोटांत गेल्यास मळमळ व ओकारी होते. यालाच मराठी घरांत कळकणें म्हणतात. आंतून कथलाचा पातळ थर दिला म्हणजे अन्नाचा व पितळेचा हा संबंधच तुटतो. कथील २३२ अंश सेंटिग्रेडला वितळतें, म्हणून कल्हईवाल्याच्या लहानशा भट्टीचा तावही त्यास पुरतो. भांडें घासून व तापवून तो त्यांत नवसागराची पूड टाकतो. पांढरा धूर निघतो आणि पितळेवरचा मळ सुटतो. मग कथलाची कांडी टेकवून, वितळलेलें कथील कापसाच्या बोळ्यानें झपाट्यानें सर्वत्र फिरवावयाचें व भांडें पाण्यांत बुडवावयाचें. क्षणापूर्वीं काळें असलेलें पातेलें आंतून रुप्यासारखें दिसूं लागतें. ज्यांनीं लहानपणीं वाड्याच्या दारांत उकिडवें बसून हा प्रकार पाहिला आहे, त्यांस तो चुर्र आवाज अद्याप आठवत असेल.

असें भांडें रिकामें आंचेवर ठेवूं नये, व तारेच्या काथ्यानें घासूं नये. थर झिजला कीं पुन्हां कल्हई करावी. एवढी निगा पुरे.

जुनें तें सोनें ही म्हण मात्र येथें फार ताणूं नये. ज्याचें बूड चिरलें आहे असें भांडें मोडीसच जावें. आणि चौघांच्या बिऱ्हाडांत पन्नास पानांच्या भाताचें तपेलें जपणें ही काटकसर नव्हे, अडगळ आहे. तें ज्यास उपयोगी पडेल त्यास द्यावें.

नवी वस्तु एकटी येत नाहीं, ही दुसरी अडचण. फ्रेंच ग्रंथकार दिदरो यानें इ. स. १७६९ च्या सुमारास आपल्या जुन्या घरगुती झग्याविषयीं एक निबंध लिहिला. त्याला नवा तांबडा झगा भेट मिळाला, आणि त्याच्याशेजारीं जुनी खुर्ची ओशाळवाणी दिसूं लागली. ती गेली व चामड्याची आली. मग मेज, मग भिंतीवरचीं चित्रें! चकचकीत नव्या संचाला जुनी फळी शोभत नाहीं, आणि फळी बदलली कीं ओटा डोळ्यांत सलूं लागतो, हा अनुभव पुण्यामुंबईच्या बिऱ्हाडांनाही नवा नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनमध्यें १ जून १९४१ पासून कपड्यांचें रेशनिंग झालें. पहिल्या वर्षीं प्रौढ माणसास ६६ कूपनें मिळत. १९४३ सालीं तेथील बोर्ड ऑफ ट्रेडनें जुने कपडे कसे दुरुस्त करावे याची पुस्तिकाही काढली. मार्च १९४९ मध्यें हें रेशनिंग उठलें. पैसे असले तरी कूपनाशिवाय कपडा मिळत नसे, त्यामुळें दुकानांत शिरण्यापूर्वीं थांबणें भाग पडे. आज दुकानच हातांतल्या फोनवर येऊन बसलें असल्यामुळें हें थांबणें घरानेंच स्वतःवर घालून घ्यावें लागतें. हवीशी वाटलेली वस्तु व ती तारीख वहींत टिपावी आणि महिन्यानें तें पान उघडावें. गरज तेव्हांही उरली असेल तर खुशाल खरेदी करावी. पुष्कळदां ती वस्तु कशासाठीं लिहिली होती हेंच आठवत नाहीं.

राहिला प्रश्न कल्हईवाल्याचा. गल्लींत त्याची आरोळी आतां क्वचितच ऐकूं येते हें खरें. परंतु पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळीसारख्या जुन्या पेठांतून चौकशी केल्यास त्याचा ठाव लागूं शकतो. एका पातेल्यासाठीं तो भट्टी घेऊन कसा येईल? चार बिऱ्हाडांनीं आपलीं भांडीं एकत्र केलीं, तर त्याचेंही काम भागतें, आणि त्याच खेपेस घंगाळाचा कान झाळून मिळेल काय, हेंही विचारतां येतें.