खिमायंत्राला बारमाही काम

जूनच्या पहिल्या सरी पडल्या की कसारा, शहापूर आणि मुरबाडच्या रानात शेवळ या रानभाजीचे कोंब वर येतात. आदिवासी बायका त्यांच्या जुड्या बांधून कल्याण, ठाणे, दादरच्या बाजारात आणतात. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत या शेवळांची गाठ खिम्याशी पडते. आतला पिवळा, दाणेदार भाग काढून टाकायचा, घसा खवखवू नये म्हणून काकड या आंबट रानफळांचा रस किंवा चिंच घालायची आणि शेवळं खिम्यात शिजवायची. हा खिमा घरीच केला, तर कोणतं मटण घ्यायचं, चरबी किती ठेवायची आणि दाणा केवढा हवा, हे करणाऱ्याच्या हाती राहतं.

घरगुती खिमायंत्राची रचना साधी आहे. वरच्या तोंडातून मांसाचे तुकडे टाकायचे आणि दांडा फिरवायचा. आतलं मळसूत्र तुकडे पुढे ढकलतं आणि चार पात्यांची सुरी ते भोकांच्या चकतीवर कापते. यंत्राच्या नंबरावरून चकतीचा आकार कळतो: ८ नंबरची साधारण ६२ मिलिमीटर, २२ नंबरची ८२. चार-पाच माणसांच्या घराला ८ नंबर पुरतो. मिक्सरच्या वेगाने मांस तापतं आणि त्याचा चिकट लगदा होतो. खिमायंत्रात मात्र सुटा दाणा पडतो. शिवाय पावसाळ्यात वीज गेली तरी काम अडत नाही.

सुरीची सपाट, धारेची बाजू चकतीकडेच हवी. ती उलटी बसली तर मांस कापलं न जाता चेंगरतं.

मांस थंडगार असावं, शिरा आणि पांढरे पापुद्रे आधीच काढलेले असावेत. चरबी ऊबदार झाली की ती भोकांना लिंपते. रस्स्याच्या खिम्याला ८ मिलिमीटर भोकांची चकती चालते. कबाबासाठी तोच खिमा ४-५ मिलिमीटरच्या चकतीतून पुन्हा काढावा. या यंत्राचा खरा फायदा निबर मांसाला होतो. गर्दन, खांदा किंवा अंडी देऊन थकलेली गावठी कोंबडी शिजायला तासन् तास घेते, कारण अशा मांसात स्नायूंना बांधून ठेवणारे तंतू चिवट असतात. ते आखूड कापले गेले की तेच मांस लवकर मऊ होतं. काटे काढलेल्या सुरमईचं कटलेटही याच यंत्रावर छान जमतं.

मग श्रावणात काय? अनेक घरांत मटणाची भांडी वेगळी असतात, तसंच शाकाहारी कामाला दुसरं यंत्र ठेवावं. उन्हाळ्यात बाजेला आवळून बसवलेलं शेवयांचं यंत्र गावोगाव ओळखीचं आहे. त्यातही मळसूत्र आणि चकतीच असते. पुरणाची विजेवर चालणारी यंत्रंही याच तत्त्वावर चालतात. सुरीसह यंत्र असेल तर चार-पाच तास भिजवून निथळलेली हरभऱ्याची डाळ भरड निघते. ती गणपतीतल्या वाटल्या डाळीला, वड्यांना आणि वाळवणाच्या सांडग्यांना चालते. उकडलेला कच्चा फणस मोठ्या भोकांतून काढला की त्याचे कबाब करता येतात. भाजलेल्या दाण्यांचं कूट गुळासोबत फिरवलं तर लाडू वळायला तयार होतं. हाडं, हळकुंडं आणि कोरडं धान्य मात्र घालू नये. पाती बोथट होतात, मळसूत्र अडकतं.

खिम्याच्या बाबतीत स्वच्छतेला सवलत नाही. अख्ख्या तुकड्यावरचे जंतू पृष्ठभागावर असतात, खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून खिमा त्याच दिवशी शिजवावा, नाहीतर ४ अंश सेल्सिअसखाली ठेवून दोन दिवसांत संपवावा. मटणाच्या खिम्याचा गाभा ७१ अंशांपर्यंत आणि कोंबडीचा ७४ अंशांपर्यंत तापायला हवा.

काम संपत आलं की शिळ्या पावाचा तुकडा आत घालून दांडा फिरवावा. मळसूत्रात अडकलेलं मांस त्याच्याबरोबर बाहेर येतं. मग सगळे भाग सुटे करून साबण आणि गरम पाण्याने धुवावेत, लगेच कोरडे पुसावेत. बिडाच्या यंत्राला खायच्या तेलाचा हात फिरवला की पावसाळ्याच्या दमट हवेतही गंज चढत नाही.