लहर लांब, आवार लहान

1942 च्या 14 जुलैला काँग्रेस कार्यकारिणीने आपल्या वर्ध्यात जी मागणी ठरावरूपाने मांडली, तिच्यावर 8 ऑगस्टला मुंबईत शिक्कामोर्तब झाले. पुढारी तुरुंगात गेले, आणि 27 ऑगस्टपासून उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालविला. 12 नोव्हेंबरला तो पकडला गेला. पोलिसांना चकविण्यासाठी त्यांना वारंवार बिऱ्हाड हलवावे लागे. त्यांची लहर 42.34 मीटरची होती, म्हणजे आज हौशी रेडिओवाल्यांसाठी राखलेल्या 7 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातलीच. हौशी माणसाला या कथेत एक निराळीच पंचाईत दिसते: एवढ्या लांब लहरीची तार टांगावी कुठे?

हिशेब सोपा आहे. मधोमध तोडून दोहों बाजूंना ताणलेल्या अर्ध्या लहरीच्या तारेला डायपोल म्हणतात. 143 ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की तिची लांबी मीटरांत मिळते. 7.1 ला ती 20 मीटर, 3.6 ला जवळजवळ 40, आणि 1.83 ला तब्बल 78! एवढे आवार कोणाचे?

पण लांबीपेक्षा उंचीचा प्रश्न अधिक अवघड आहे. तार पाव लहरीहून कमी उंचीवर असली, तर तिची शक्ती बहुतेक सरळ वर जाते. नवखा यामुळे हिरमुसतो. परंतु वर गेलेली ही लहर अडीच-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या विद्युत्‌भारित थरावरून परतते आणि छत्रीसारखी भोवतालच्या काही शे किलोमीटरांत पसरते. दिवसा 7 मेगाहर्ट्झवर व रात्री बहुधा 3.6 वर नागपूर, यवतमाळ, अमरावती असे शेजारी तिच्या टापूत येतात. 26 जानेवारी 2001 च्या कच्छ भूकंपात दूरध्वनी बंद पडले तेव्हा हौशी रेडिओवाले मदतीस धावले; अशा वेळी निकड असते ती शेजारच्या जिल्ह्याशी बोलण्याची. म्हणून सात-आठ मीटरांवरच्या तारेला गरिबाची तार म्हणून कोणी हिणवू नये. माझ्या मते पहिली तार हीच असावी.

ज्यांना सातासमुद्रांपलीकडे बोलायचे आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना लहर क्षितिजालगत सोडावी लागते. त्यासाठी 3.6 वर डायपोल 40 मीटर उंच न्यावा, तर तेवढा खांब आणायचा कोठून? त्यापेक्षा पाव लहरीचा, म्हणजे 20 मीटरांचा उभा अँटेना परवडतो. तो मात्र जमिनीला आपला निम्मा भागीदार करतो. आपली काळी माती ओली असताना वीज बरी वाहते, खडकाळ माळापेक्षा पुष्कळच बरी. पण वैशाखात तिला भेगा पडल्या की ही भागीदारी सुटते. एक लोखंडी कांब पुरून भागत नाही. बुडाशी निदान सोळा तारा चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पसराव्यात. शिवाय उभा अँटेना गावातल्या मोटारींची व दिव्यांची खरखरही अधिक ओढून घेतो.

आवार फारच लहान असेल तर एकाच खांबावरून डायपोलच्या दोन्ही बाजू उताराने खाली आणाव्यात. टोके हाताला लागणार नाहीत इतकी उंच ठेवावीत, कारण प्रक्षेपण चालू असता तेथेच दाब सर्वांत जास्त असतो. तार तुटली तरी विजेच्या लाइनीवर पडणार नाही, अशीच जागा निवडावी. आणि रोहिणी-मृगाचे ढग जमू लागताच यंत्रापासून तार सोडून घराबाहेर जमिनीला जोडावी. डोक्यावर गडगडू लागल्यावर मात्र तिला हात लावू नये.